मापाची काठी

आमच्या घरी नवी वस्तू मापाची कधी आली नाही. बाबा साकोलीच्या बाजारातून चप्पल आणत ती दोन बोटं मोठी. पुढे माय चिंधी कोंबून देई. दोन वर्षांनी चिंधी काढायची वेळ येई, तोवर चपलेचा अंगठा तीनदा शिवून झालेला असे. फ्रॉक पोटरीपर्यंत, बाह्या कोपराच्या खाली, दप्तर गुडघ्यावर आपटणारं. "वाढतं अंग हाय पोरीचं," माय म्हणायची. यावर कोणाचं काही म्हणणं नसायचं, कारण गल्लीतल्या सगळ्याच पोरी अशा कपड्यांत बुडालेल्या होत्या.

बाबा राइस मिलमध्ये पोती वाहत. मी सातवीत असताना त्यांची कमर धरली ती सुटलीच नाही, आणि मिलवाल्याने दुसरा हमाल घेतला. मग घर मायच्या सुपावर आलं. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू, बोटात दोरा. शाळेतून आलं की मी आणि धाकटी बहीण विड्यांची पानं कापायला बसायचो. विड्या घ्यायला कारखान्याचा माणूस यायचा. त्याने आखूड म्हणून जितक्या विड्या बाजूला टाकल्या, तितकं त्या दिवशी आमच्या वरणात पाणी जास्त. हे रडगाणं नाही. शाळेतल्या निपाने बाई मोठंच घ्यायच्या ज्या सवयीशी भांडत आल्या, ती आमच्या घरात काठोकाठ भरलेली होती, एवढं कळावं म्हणून सांगितलं.

निपाने बाई आमच्या शाळेत शिवण शिकवायच्या. एकोणीसशे सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं होती. बाई पवनीच्या विणकराच्या घरातल्या. बुटक्या, रुंद, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. सासरी नांदल्या नाहीत, म्हाताऱ्या वडिलांना घेऊन साकोलीत भाड्याच्या खोलीत राहत, इतकंच लोकांना ठाऊक होतं. गळ्यात टेप कायम. प्रार्थनेला टेप, बाजारात टेप. शाळेतला एक शिपाई वारला तेव्हा शोकसभेतही त्या टेप घालून उभ्या होत्या, आणि कोणी खुणावलं तेव्हा त्यांनी तो काढून मुठीत धरला, पण ठेवला नाही.

माणूस समोर आला की त्या आधी चेहरा बघत नसत, खांदे बघत. एकदा शाळा तपासायला मोठे साहेब आले. सगळे शिक्षक हात जोडून उभे. साहेबांनी शिवणाच्या वर्गात पाऊल ठेवलं आणि बाई म्हणाल्या, "साहेब, तुमाले पंधराची कॉलर पाहिजे. सोळाची घालून राहिले." हेडमास्तरांचा चेहरा पडला. साहेबांनी कॉलरमध्ये बोट घालून पाहिलं, ते सहज फिरलं. "बायको आणते," ते म्हणाले. "त्याईले सांगा, अंदाज म्हणजे आळशाचा टेप," बाई म्हणाल्या आणि पुन्हा काजं बघायला वळल्या.

'साधारण' हा शब्द त्यांच्या वर्गात चालत नसे. कोणी म्हटलं, "बाई, साधारण इतकं," तर तिला पुढे येऊन टेप लावावा लागे. टाका चुकला की एकच शब्द: "उसव." चांगलं झालं तर, "बरं आहे." याच्या वर त्यांचं कौतुक गेलेलं मी तरी ऐकलं नाही. त्यांच्यात माया ओसंडून वाहत होती असंही मी लिहिणार नाही. त्या मापं मोठ्याने वाचत. आमच्यातली कुंदा अंगाने थोराड होती. तिची छाती-कंबर बाईंनी दार उघडं असताना खणखणीत आवाजात सांगितली, आणि बाहेरच्या पोरांनी ती आठवडाभर कुंदाला ऐकवली. कुंदा रडली तर बाई म्हणाल्या, "आकडा आहे तो. आकड्याले कायची लाज?" त्यांना खरंच कळलं नव्हतं. पुढे दुसऱ्या एका बाईंनी समजावल्यावर त्या मापं चिठ्ठीवर लिहून द्यायला लागल्या. कुंदाची माफी मात्र मागितली नाही.

अशा बाईंच्या गळ्यात हॉकी पडली ती वरून आलेल्या एका कागदामुळे. मुलींचा संघ जिल्ह्याला पाठवावा, सोबत शिक्षिका असावी, असं त्यात लिहिलं होतं. आमचे खेळाचे शेंडे सर पुरुष. बाकी शिक्षिकांच्या घरी लहान लेकरं. राहिल्या निपाने बाई.

काठ्या हेडमास्तरांनी आधीच मागवल्या होत्या. डझनभर, सगळ्या एका मापाच्या, सदतीस इंची. दुकानदाराने कोणत्या मापाच्या पाठवू असं विचारलं होतं, भाव सगळ्यांचा एकच. हेडमास्तर सगळ्यांना अभिमानाने सांगत, "त्याच भावात मोठी भेटते, त लहान कायले घ्या?" आणि साकोलीतला एक माणूस त्यांना चूक म्हणाला नसता. माझी मायही म्हणाली, "शाना माणूस हाय."

त्या काठ्या आमच्या बरगड्यांना लागत. खाली वाकलं की मुठीचं टोक पोटात रुतायचं. म्हणून आम्ही काठी वीतभर खाली धरायचो, मग वरचं टोक कोपरात अडकायचं. भंडाऱ्याच्या पहिल्या सामन्यात आम्ही आठ गोलांनी हरलो. बाई कडेला खुर्चीवर बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी चेंडूकडे पाहिलंच नाही, असं शेंडे सर नंतर सांगत.

परतीच्या एस.टी.त लाखनी मागे पडल्यावर बाई म्हणाल्या, "या पोरी हॉकी खेळून नाही राहिल्या. घरातला बांबू दारातून बाहेर काढून राहिल्या."

शेंडे सर हसले. "बाई, तुमाले खेळातलं काय समजते?"

"खेळातलं काही नाही समजत. मोठा कपडा घातला की माणूस कसा चालते, ते समजते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला शिवणाच्या खोलीत अनवाणी उभं केलं. जमिनीपासून कमरेच्या हाडापर्यंत एक माप. मग खेळताना वाकतो तसं वाकायला लावून, डाव्या मुठीपासून जमिनीपर्यंत दुसरं. दोन्ही मापं ब्लाउजच्या वहीत, नावासमोर. माझं आलं साडेतेहतीस. हेडमास्तर दारातून म्हणाले, "काय बाई, पोरींचे ब्लाउज शिवता काय?"

"ब्लाउज चुकला त उसवता येते, सर. हे चुकलं त पोरगी मोडते."

इथपर्यंत बाई बरोबर होत्या. पुढे त्या चुकल्या, आणि शिवणवालीच चुकेल तशा चुकल्या. कापड लांब असलं तर कापायचं, हा त्यांचा हिशेब. त्यांनी शाळेसमोरच्या सुताराकडून तीन काठ्या वरून तीन-तीन इंच कापून आणल्या. माप अगदी बरोबर आलं. पण मूठ वेताच्या पट्ट्या जोडून केलेली असते, ती कापल्यावर सुटत गेली आणि फटका मारला की हाताला विंचू चावल्यासारखी कळ यायला लागली. शिवाय काठीचं डोकं जड झालं. मी ती उचलली की ती मला पुढे ओढून नेई. बाईंनी एक कापलेली आणि एक अख्खी काठी बोटावर आडवी तोलून पाहिली. दोन्हींचा तोल वेगवेगळ्या जागी. मग हेडमास्तरांना लेखी दिलं: "तीन काठ्या माझ्या हातून वाया गेल्या. मला वाटले, लाकूड कापडासारखे असेल. तसे नसते." कापलेल्यांपैकी एक काठी त्यांनी शिवणाच्या खोलीत फळ्यावर टांगली. नवीन पोरींना दाखवत, "ही माझी चूक."

त्या वर्षी शाळेच्या बँडचे गणवेश शिंप्याकडे गेले नाहीत. बाईंनी दिवाळीच्या सुट्टीत ते सगळे शिवले आणि बदल्यात हेडमास्तरांकडून पोरींच्या मापाच्या सहा काठ्या कबूल करून घेतल्या. अट एकच, काठ्या बाई स्वतः नागपूरला जाऊन निवडणार.

माझ्यापुढचा पेच तेव्हा निराळाच होता. मी दहावीत होते. आंबागडचे मामा येऊन सांगून गेले होते, "दहावी झाली का पोरीले घरी बसवा. विड्या वळन, तवर मी पोरगा पाहतो." शेंडे सरांना मात्र एक बातमी कळली होती. विभागाच्या संघात निवड झालेल्या मुलींना नागपूरचं एक मुलींचं कॉलेज अकरावीपासून घेणार होतं, राहणं-जेवणं मोफत. मी बाबांना विचारलं. बाबा खाटेवरून म्हणाले, "फुकट असन त जाय. नसन त नोको विचारू." म्हणजे निवड झाली तर कॉलेज, नाही झाली तर सूप. निवड चाचणी आठ दिवसांवर होती.

बाई मला आणि कुंदाला घेऊन नागपूरला गेल्या. "एक लहान माप, एक मोठं माप. मधलं मी काढते." दुकानात उंच मांडणीवर काठ्या उभ्या होत्या. दुकानदार हिंदीत बोलणारा, खुशमिजास माणूस. त्याने हाताला लागल्या त्या सहा काठ्या काढून बांधायला घेतल्या. बाईंनी त्या सोडवल्या आणि आणखी तीसेक खाली उतरवायला लावल्या.

मग त्या फरशीवर मांडी घालून बसल्या. प्रत्येक काठीच्या वाकड्या टोकावरची लाकडाची रेषा त्यांनी चष्मा वर करून पाहिली. रेषा वाकणाबरोबर शेवटपर्यंत वळत गेली तर काठी उजवीकडे. रेषा मध्येच तुटून कडेला आली तर डावीकडे. "कापडाचा उभा धागा सोडून कापलं का कपडा तिथंच फाटते," त्या आम्हाला म्हणाल्या, "हेही तिथंच फाटन." वेत आणि लाकूड जिथे जोडलं होतं तिथून डोळे मिटून अंगठा फिरवला. अंगठ्याला काही लागलं की काठी डावीकडे. उरलेल्या फरशीवर हलक्या आपटून ऐकल्या. भरीव वाजल्या त्या ठेवल्या, ज्यांच्यात खर्रर्र झालं त्या गेल्या.

दुकानदार म्हणाला, "बहनजी, शादी का लडका देख रहे हो क्या?"

"लडका देखने को किसने दिया?" बाई मान वर न करता म्हणाल्या. "लकडी तो देखने दो."

त्यानंतर तो चेष्टा करायचा थांबला. स्टूल आणून बसला आणि कोणत्या काठीत तुतीचं लाकूड आहे, कोणती किती औंसांची, ते नीट सांगायला लागला. बाईंनी औंस लिहून घेतले, पण विश्वास ठेवला नाही. काठी एका डाव्या हाताने समोर आडवी धरायची आणि त्या सावकाश वीस आकडे मोजणार. टोक खाली गेलं तर ती काठी माझ्यासाठी जड. कुंदाला जड चालली. ती मागे खेळायची, तिला लांब फटके मारायचे होते. मी पुढे खेळायचे, मला काठी पटकन फिरवायची होती. हे बाईंनी शेंडे सरांना विचारून वहीत लिहून आणलं होतं.

शेवटी त्यांनी माझ्यापुढे चौतीस इंची काठी ठेवली. ती मूठ धरून वाकले आणि पहिल्यांदा पोटात काही रुतलं नाही. तरी मी म्हटलं, "बाई, छत्तीसची घ्या ना. मी वाढीन."

"वाढशीन तवा पाहू. खेळायचं कधी हाय?"

"आठ दिवसांनी."

"आठ दिवसात किती वाढशीन?"

मी काठीची मूठ बोटांनी चाचपली.

"मंग? आज किती हायेस त्याची काठी घे. उद्याच्या पोरीची घेऊन आजची पोरगी काहून खेळन?"

कुंदा फिसकन हसली. मला राग आला होता. आमच्या सगळ्या घराला कोणी मूर्ख म्हटल्यासारखं वाटलं होतं. काठी मी घेतली.

चाचणीच्या आदल्या दिवशी माझ्या मायने ती हातात घेऊन पाहिली. एवढी नवी, एवढी महाग वस्तू उघडी कशी न्यायची? तिने जुन्या लुगड्याच्या पट्ट्या काढल्या, मुठीवर एकावर एक चार थर घट्ट गुंडाळले आणि विड्यांच्या दोऱ्याने जागोजागी टाके घातले. "आता वर्षानुवर्षं काही होत नाही," ती म्हणाली. मला ते आवडलं होतं. बाईंना दाखवायचं मला सुचलं नाही.

सकाळी नागपूरच्या मैदानावर पंच लोखंडी कडी घेऊन उभे होते. प्रत्येक काठी त्या कडीतून आरपार जायला हवी, असा नियम. आमच्या पोरींच्या काठ्या गेल्या. माझी मुठीपाशी अडकली. पंचांनी एकदा ढकलून पाहिली. "ही चालणार नाही. दुसरी आणा. पुढची टीम तुमचीच आहे."

दुसरी म्हणजे सदतीस इंची. शेंडे सर ती आणायला वळले. बाई म्हणाल्या, "थांबा." त्यांनी आधी पंचांच्या कडीला टेप लावला.

"बाई, कडी बरोबर आहे," पंच म्हणाले.

"हो, दोन इंच आहे," बाई म्हणाल्या. मग मुठीला टेप लावला आणि मैदानाच्या कडेला मातीत बसल्या.

शेंडे सर ओरडले, "अवो बाई, कापा ना सरळ! शिट्टी होऊन राहिली!"

"कापलं त खालची पट्टी कापली जाईन, मंग मूठ हातात फिरन." त्यांनी पिशवीतून सुई काढली आणि मायचा एक-एक टाका उसवायला लागल्या. मायने टाके असे घट्ट घातले होते की बाई दोनदा पुटपुटल्या, "हात चांगला हाय बाईचा." शिट्टी झाली. माझ्या जागी दुसरी पोरगी आत गेली. प्रत्येक संघाला वीस मिनिटं मिळणार होती. मी बाईंच्या डोक्यावर उभी राहून मैदानाकडे पाहत होते आणि मला सूप दिसत होतं, दुसरं काही नाही. पहिला थर निघाला, दुसरा निघाला. कडी लावली, अडकली. तिसरा निघाला. कडी मुठीवरून सरकली आणि काठीच्या पार टोकाला जाऊन मातीत पडली.

"चौथाही काढू का?" मी विचारलं.

"राहू दे. घाम पिईन."

मला बारा मिनिटं मिळाली. मी गोल केला नाही. डावीकडून दोन चेंडू आत दिले, त्यांचे दोन गोल झाले. एक चेंडू माझ्याकडून सुटला तो मला अजून दिसतो. दुपारी यादी वाचली गेली. सोळा नावं होती, माझं चौदावं. कुंदाचं नव्हतं. कुंदा बाईंकडे पाहून म्हणाली, "माझी काठी त बरोबर होती ना, बाई?" बाई म्हणाल्या, "काठी बरोबर होती. तू उशिरा धावत होतीस." कुंदाने मान हलवली. तिला ते पटलं असावं. नंतर परतीच्या बसमध्ये ती बाईंच्याच खांद्यावर झोपली होती.

मला बाई म्हणाल्या, "बरं आहे." उसवलेल्या पट्ट्या त्यांनी घडी करून माझ्या हातात दिल्या. "मायले दे. वापरातलं कापड आहे."

कॉलेजात गेल्यावर बाईंशी माझा पत्रव्यवहार नव्हता. आमच्याकडे पत्र लिहायची सवयच नव्हती. माय-बाबांकडून कळत राहिलं की बाईंचे वडील वारले आणि बाई पवनीकडे, कोंढ्याच्या शाळेत गेल्या. मामा दरवर्षी एक पोरगा घेऊन यायचे. बाबा म्हणायचे, "फुकट शिकून राहिली, शिकू द्या."

पाच वर्षांनी पदवीची गुणपत्रिका हातात आली तेव्हा मी घरी दाखवली आणि दुसऱ्या दिवशी कोंढ्याची एस.टी. धरली. बाई वर्गात होत्या. केस पांढरे झाले होते, चष्मा नवा होता. मला पाहून त्यांनी ये म्हटलं नाही, आधी हात धुऊन आल्या. मग गुणपत्रिका घेऊन वरपासून खालपर्यंत, एकेका ओळीवर बोट ठेवून वाचली.

"अर्थशास्त्रात येवढे कमी काहून?"

"जमलं नाही, बाई."

"हं."

त्या कागद घेऊन वर्गात गेल्या आणि पहिल्या बाकावरच्या पोरीला दिला. "हात पुसून धर. वाच आणि मागं दे." मी व्हरांड्यात उभी राहिले. कागद बाकाबाकावरून फिरत गेला. काही पोरी माझं नाव मोठ्याने वाचत होत्या, काही नुसत्या त्याच्याकडे पाहत होत्या. एकीने शेजारणीला विचारलं, "हे बाईची पोरगी हाय का वं?" बाईंनी ऐकलं आणि कागद पुढे द्यायची खूण केली. शेवटच्या बाकावरून कागद परत आला. बाईंनी तो मला दिला आणि म्हणाल्या, "बस चुकेल तुझी."

खिडकीसमोरून गेले तेव्हा बाई एका पोरीजवळ वाकून तिच्या हातातलं शिवण बघत होत्या. "उसव," त्यांचा आवाज आला. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

मी बी.ए. झाले, दुसऱ्या श्रेणीत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली.